तार नसलेलं ऑइल

३ जानेवारी २०२५, शुक्रवार. संध्या. ६.१०
डोकं फिरलंय. बारामतीला गाडीचं ऑइल आणायला गेलो आणि हात हलवत परत आलो. दुकानदार गोकुळ. त्याचं वय माझ्या नोकरीएवढंही नाही. म्हणाला, "आबा, गाडीच्या पुस्तकात कुठला नंबर लिवलाय?" मी विचारलं, ऑइल विकतोस की परीक्षा घेतोस? मग त्यानं 'फाइव्ह डब्ल्यू थर्टी'चा डबा काढला. मी त्याला झाकणात थोडं ओतायला लावलं, अंगठा आणि बोटात धरून ताणलं. तार नाही! निव्वळ पाणी.

साखर कारखान्यात बत्तीस वर्षं पॅनमन होतो, उसाचा पाक शिजवायच्या पॅनवर. पाक झाला की नाही हे या दोन बोटांनी ठरवलं. लॅबवाले मागून यायचे. आणि हा मला पुस्तक दाखवतो.

निश्चय : त्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही.

४ जानेवारी, शनिवार
आता घरातूनही सुरू. मुलगी स्वरूपा. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झालाय, म्हणून बापाला शिकवते. तेरा तारखेला पुण्याच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये तिचा इंटरव्ह्यू आहे, सकाळी दहाला. वर्षभरात आलेला हा एकच कॉल. मी जाहीर केलंय, एस.टी.नं जायचं नाही, बापाच्या गाडीतून ऐटीत उतरायचं. गाडी सेकंडहँड आहे, पण दसऱ्यापासून माझी आहे.

तिचं म्हणणं, डब्यावरचा पहिला आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा, दुसरा इंजिन तापल्यावरचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. पेट्रोल गाडीला चालणारं आहे का बघायचं, सील बघायचं, आणि कंपनीनं पुस्तकात सांगितलेला नंबर सोडायचा नाही. मी विचारलं, आपल्या अंथुर्ण्यात बर्फ पडतो का? स्वयंपाकघरात प्रयाग हसली. लग्नाला तीस वर्षं झाली तरी या बाईला कुठं हसावं कळत नाही.

८ जानेवारी, बुधवार. दु. ३
सापडलं! ट्रॅक्टरच्या शेडमध्येच होतं. गिअरबॉक्ससाठी आणलेलं नव्वद नंबर. बोटात धरलं, वीतभर तार. डोळे भरून आले.

जुनं सगळं काढून हे भरलं. ऑइल मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात, म्हणे त्यांच्यामध्ये ठेवायचं. मी वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर भरलं. वाढताना हात आखडणाऱ्यांतला मी नाही.

भर उन्हात गाडी चालू केली. चौथ्या सेल्फला लागली. गावातून एक चक्कर मारली. फाट्यावर भवानीनगरचा मेकॅनिक संघपाल भेटला. "आबा, निळा धूर येतुय. काय वतलंय ह्यात?" सांगितलं. तो हसला नाही, त्याचाच जास्त राग आला. "गिअरचं इंजिनात घालत्यात व्हय? आजच काढू." मी म्हणालो, तुझं गॅरेज चालवायचा मक्ता मी घेतलेला नाही.

१२ जानेवारी, रविवार
स्वरूपानं विचारलं, कुठलं ऑइल घातलं? मी म्हणालो, उत्तम. हे खोटं नाही.

"आबा, मी यष्टीनंच जाते की." ताटावरून उठलो. बापावर एवढाही भरवसा नाही? अर्ध्या तासानं आली आणि म्हणाली, "बरं, गाडीनं जाऊ. पण जेवा." जेवलो. तिनं पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली.

१३ जानेवारी, सोमवार. पहाटे ६.०५
थंडी आहे. सेल्फ कण्हतोय. दहा मिनिटं झाली.
लागली! कोण म्हणत होतं लागणार नाही?

त्याच दिवशी, ७.२०. भवानीनगर, रस्त्याच्या कडेला.
निघाल्यापासून पोरीचं एकच. "आबा, ऑइलच्या किटलीचा तांबडा दिवा लागलाय, गाडी बंद करा." तीनदा म्हणाली. मी म्हणालो, तांबडा रंग शुभ असतो. मग इंजिनात खलबत्ता वाजायला लागला आणि गाडी बंद पडली. कुठं? उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत, माझ्याच कारखान्याच्या गेटसमोर. वॉचमननं ओळखलं. "मानसिंगराव, हितं कुठला पॅन चढवलाय?" सगळे ड्रायव्हर हसले. त्यातल्या एकालाही ऑइलमधलं काही कळत नसेल.

स्वरूपानं पट्टी काढून बोटावर ऑइल घेतलं. लांबच लांब तार. तिनं तारेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आता चालू करू नका. संघपालदादाला बोलवा," एवढंच म्हणाली आणि येणाऱ्या एस.टी.ला हात केला. पांढऱ्या बाहीवर काळा डाग घेऊन गेली.

पोरीची नोकरी मी या दोन बोटांनी घालवली.

ता. क. : वरचं वाक्य घाईत लिहिलं. चूक थंडीची आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत. सकाळी १०
संघपालचा फोन. इंजिन आतून खरवडलंय, खोलावं लागेल. त्याला म्हणालो, सावकाश कर. ओरडायचं होतं, जमलं नाही.

काल स्वरूपा पाऊण तास उशिरा पोचली. साहेबांनी बाहीवरच्या डागाबद्दल विचारलं. हिनं सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, एखादं गिऱ्हाईक चुकीच्या ऑइलवर अडून बसलं, ऐकायलाच तयार नसलं, तर काय कराल? ही म्हणाली, "भांडणार न्हाय. पुन्हा पुन्हा सांगंन. घरी सवय हाय." एक फेब्रुवारीपासून बोलावलंय. गिऱ्हाइकांना समजावून सांगायचं काम.

म्हणजे अनुभव माझ्यामुळंच मिळाला. हे कुणीतरी म्हणेल म्हणून दहा मिनिटं अंगणात थांबलो. कुणी म्हणालं नाही.

आत प्रयाग तिळगुळाचा पाक करत होती. दर संक्रांतीला तार मीच बघतो. जाऊन उभा राहिलो. तिनं माझी बोटं बघितली. तीनदा साबण लावूनही नव्वद नंबर गेलेला नाही. तिनं उलथनं स्वरूपाकडं दिलं.

"आबा, किती ताणायचं?" पोरीनं विचारलं. सांगितलं. तिनं मुकाट्यानं ऐकलं, तेवढंच ताणलं आणि गॅस बंद केला.

पाक बरोबर जमला. मी हात लावला नव्हता.