दोन सर्व्हिसिंगमधली धार

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, गल्लीत आणि गिऱ्हाइकांत 'पातेवाली' म्हणून ओळखली जाणारी विधवा बाई, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, हात कामाला आहेत, आणि हे मी कोणाच्या धाकाने किंवा कोणाच्या गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. "वहिनींचं डोकं फिरलंय" असं माझे दीर सांगत फिरतात, म्हणून ही ओळ सर्वांत आधी. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. घरामागची शेड पाडून गाड्या लावायला जागा करावी, अशा संमतीचा कागद दीर आणि माझा मुलगा मध्यंतरी घेऊन आले होते. त्यावर मी सही केलेली नाही. पुढे तसा सहीचा कागद कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम पहिले. माझ्या मालकीचं दोन खोल्या व स्वयंपाकघर असलेलं राहतं घर आणि त्यामागची पत्र्याची शेड. हे घर मी आणि माझ्या नवऱ्याने दोघांच्या कमाईतून घेतलं आणि त्यांच्यामागे ते माझ्या एकटीच्या नावावर झालं. दिरांचा त्यात कोणताही हक्क नाही. त्यांच्याकडे हमरस्त्यावरचं दुकान आहे, लॉनचं गवत कापायच्या मशीनचं. दोघे भाऊ ते चालवायचे तेव्हा मी मागच्या बाजूला बसून पात्यांना धार लावत असे. हे गेले आणि दिरांनी मला समोर बसवून सांगितलं, "वहिनी, वर्षातून एकदा फुल सर्व्हिसिंग झालं की बास. मधेमधे तुम्ही धार लावून देत बसलात, तर नवीन पाती घेणार कोण?"

मी म्हटलं, "भावजी, पातं काय सर्व्हिसिंगची तारीख बघून बोथट होतं?"

"मग तुमचं तुम्ही बघा."

मी बघितलं. माझा पातं पकडायचा व्हाइस, कानशी आणि ग्राइंडर हातगाडीवर घालून भर दुपारी हमरस्त्यावरून घरी आणले. गाडीचं एक चाक करकरत होतं. मला त्याचा आनंदच झाला, कारण दुकानदार एकेक करून बाहेर येऊन बघायला लागले. आठवडा संपायच्या आत गिऱ्हाइकं शेडच्या दारात उभी होती.

कलम दुसरे. वरील घर, शेड आणि शेडमधली सर्व हत्यारं मी माझ्या सुनेला देते. वकीलबाई म्हणतात, कायद्याने ती आता सून नाही, 'मुलाची घटस्फोटित पत्नी' लिहा. त्यांनी त्यांच्या प्रतीत काय लिहायचं ते लिहावं. घटस्फोट त्या दोघांचा झाला, माझा कोणाशी झालेला नाही.

मुलगा दुसऱ्या गावी राहायला गेला, त्यानंतर ती घराची किल्ली परत द्यायला आली होती. मी शेडमध्ये होते, पातं व्हाइसमध्ये नीट बसत नव्हतं. मी म्हटलं, "किल्ली ठेव तिथे आणि हे जरा घट्ट धर." तिने धरलं. एक झालं, दुसरं झालं, बोलायला काही सुचत नव्हतं म्हणून तिसरंही घेतलं. निघताना तिने विचारलं, "आई, मी उद्या येऊ का?"

"उद्याचं उद्या. आज कुठे जाणार आहेस?"

किल्ली तिच्याच पर्समध्ये परत गेली.

आता जे सांगते ते या कलमाचं कारण आहे. हॉस्पिटलच्या लॉनवरचे माळीबुवा एकदा त्यांचं मोठं मशीन ढकलत घेऊन आले. दिरांच्या दुकानातून सर्व्हिसिंग होऊन आलेलं, पण चालू केलं की हात बधिर होईपर्यंत थरथरायचं. मधल्या काळात पातं दगडांवर आपटलं होतं. सुनेने ते काढलं, धुतलं, मधल्या भोकातून खिळ्यावर टांगलं. एक टोक खाली गेलं. जड बाजू घासायला म्हणून तिने ते उजेडात धरलं आणि तशीच थांबली. बोल्टच्या भोकापासून केसाएवढी चीर गेली होती.

माळीबुवा म्हणाले, "ताई, आजचा दिवस लावून द्या. मोठे साहेब येणार आहेत. उद्या नवीन आणतो."

"नाही लावणार," ती म्हणाली. "तिथे बाकांवर पेशंट बसतात."

"मग माझं मला द्या, मी लावतो."

तिने ते ग्राइंडरवर धरून मधोमध कापलं आणि दोन्ही तुकडे त्यांच्या हातात दिले.

संध्याकाळी दीर आले. "माझ्या गिऱ्हाइकाचं पातं कापायची हिंमत कशी झाली?" म्हणून दारातूनच सुरू झाले. सून शांतपणे म्हणाली, "काका, ते कोणाच्या तरी अंगावर गेलं असतं."

"तू मधे बोलू नकोस. तुझं या घराशी नातं काय?"

तिच्या हातातली कानस खाली आली. इतकी वर्षं दिरांशी मी भांडले, पण त्यांना घालवून दिलं नव्हतं. त्या दिवशी बोट दाखवून सांगितलं, "भावजी, बाहेर." ते गेले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊन भागणार नव्हतं, म्हणून हा कागद.

कलम तिसरे. मुलाला त्याच्या वडिलांचं घड्याळ, लाकडी कपाट आणि बँकेतली माझी सर्व शिल्लक. तो माझा मुलगा आहे आणि मला हवा आहे. या कागदाची कुणकुण लागल्यावर त्याचा फोन आला, "आई, लोक काय म्हणतील?" मी सांगितलं, "लोक म्हणतात, मशीन आता कापसासारखं चालतं." तो या घरी केव्हाही जेवायला येऊ शकतो, मात्र सुनेला आधी विचारून.

दिरांना काही नाही. त्यांच्या दुकानातली पाती शेडमध्ये आली तर धार लावून द्यावी, दरात सवलत न देता.

कलम चौथे. ही अट नाही, सुनेला सांगणं आहे. मशीनला हात लावण्याआधी प्लगची वायर काढ, घाई असली तरी आधी तीच काढ. कंपनीने दिलेला उतार असेल त्याच उतारावर कानस चालव. वस्तऱ्यासारखी धार लावू नकोस, ती पहिल्याच खड्याला मोडते. खिळ्यावर टांगून तोल बघितल्याशिवाय पातं परत चढवू नकोस. गवताची टोकं फाटून पिवळी पडली की गिऱ्हाईक पाण्याला दोष देतं. त्याला वाकून एक पान बघायला लाव. आणि सर्व्हिसिंग लांब आहे म्हणून कोणाला परत पाठवू नकोस. आपण त्या मधल्या दिवसांवरच जगलो.

कलम पाचवे. सुनेने पुन्हा लग्न केलं तरी वरील सर्व तिचंच राहील. नवरा या घरात राहायला आला तरी तिचं, ती त्याच्या घरी गेली तरी तिचं, आणि तिच्यामागे तिच्या मुलाबाळांचं. मिळकत घराबाहेर गेली अशी ओरड कोणी करू नये. घर तीच आहे. रोपवाटिकावाले गृहस्थ धार असलेलं पातं पुन्हा पुन्हा धार लावायला आणतात, हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. ती मला एकटं सोडायला नको म्हणून त्यांना ताटकळत ठेवते आहे. तिने तसं करू नये. मी हयात असताना लग्न झालं, तर मुलीकडची म्हणून मी पुढच्या रांगेत बसणार आहे, आणि दिरांना आमंत्रण मी स्वतः नेऊन देणार आहे.

सही करण्याआधी घडलेलं एवढंच नोंदवते. ते गृहस्थ आज शेडमध्ये होते, म्हणून साक्षीदार त्यांनाच करा, असं मी सुचवलं. वकीलबाई म्हणाल्या, "जिला मिळकत मिळते तिच्या नवऱ्याला साक्षीदार करत नाहीत."

सून पटकन म्हणाली, "अजून कुठे नवरा झालेत?"

'अजून' हा शब्द तिच्या स्वतःच्या कानावर पडला तेव्हा तिने तोंड फिरवून ग्राइंडर चालू केला. त्यावर पातं नव्हतं.

साक्षीदार दुसरे घेतले.

सही: पातेवाली (पूर्ण सही, अंगठा नाही)

साक्षीदार:
१. हॉस्पिटलचे माळीबुवा. कापलेल्या पात्याबद्दल आता त्यांची तक्रार नाही, असं त्यांनी आपणहून लिहायला सांगितलं.
२. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई.

दोघांनी माझ्यासमोर व मी दोघांसमोर सही केली.

स्थळ: घरामागची शेड, दार उघडं ठेवून.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच. बुधवार, कामाचा दिवस.