बंदीच्या आधी घेतलेला टेम्पो

१२ एप्रिल, मस्कत
परत तेच! फोनवर दादा ऐकतच नाही. एका टेम्पोत मासळी मावत नाही, निम्म्या टोपल्या बंदरावर राहतात, म्हसळ्याचे व्यापारी दुसऱ्याची गाडी बोलावतात — आणि ह्याचे दीड लाख तांदळाच्या डब्यात! दुसरा टेम्पो घे म्हटलं की, "पैसा हातात लागतो रं. आपल्याला दारात कोण उभं करतंय?"
तेही खरंच. सातबाऱ्यावर चुलत्यांची अकरा नावं, बँक कर्ज देत नाही. फायनान्सवाला देतो, पण आधी दीड लाख रोख टाका म्हणतो.
"पावसात दोन महिने मासेमारी बंदी. तवा हप्ता काय तू भरणार?"

१३ एप्रिल
हो म्हटलं. मीच भरणार! सातवीत शाळा सोडली म्हणून हिशोब कळत नाही की काय?

३० एप्रिल
घेतला! वहिनीनं फोटो पाठवला. पुढं हार, दादा नव्या शर्टात. ती म्हणाली, "डब्यात आता तांदूळ तरी भरते, भावोजी." लय हसलो.

२० मे
दोन्ही गाड्या भरून जातायत. येतं ते नवा ड्रायव्हर, डिझेल आणि पहिला हप्ता ह्यात जातं. तरी दादा म्हणाला, "शहाणा झालास." मला!

४ जून
तिकडं होड्या वर ओढल्या. इकडं पगार नाही. आम्ही सगळे वेल्डर ऑफिसपुढं. साहेब म्हणतो, बिलं अडकलीत, बँक पुढं देत नाही, कंपनीला रोकड हातात ठेवावी लागते — निम्माच घ्या. अगदी दादाचं बोलणं! फक्त हात दुसऱ्याचा.

१९ जून
निम्म्या पगारात जूनचा हप्ता कसाबसा गेला. दादा शिव्या देत नाही. दिल्या तर बरं वाटेल.

२ जुलै
काम बंद. ज्याला घरी जायचंय त्यानं आपल्या तिकिटानं जावं — एवढंच सांगितलं. दादाला फोन लावायचा धीर नाही, वहिनीला लावला.
ती म्हणाली, "डब्यातल्या त्या दीड लाखातच चाळीस हजार वेगळे बांधलेले होते, भावोजी. तुमचे दादा बंदीतपण हात लावू द्यायचे न्हाईत. म्हणायचे, तिकडं कंपनी बसली तर पोराला आणायचा कशानं?"

३ जुलै
दादाला सांगू नको म्हटलं. काम चालू आहे म्हणून सांग.
तिकिटासाठी जवळ होते त्यातून जुलैचा हप्ता पाठवला — चौदा हजार आठशे.