शेखरचा तिळगूळ

शनिवार, १९ जानेवारी २००८

शी! किळस आली आज. इथे सिंगापुरातच, ईस्ट कोस्टला माधवीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आत आम्ही बायका, बाहेर पुरुष टीव्हीपुढे. अमेरिकेतल्या प्रायमरीच्या, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या मतदानाच्या बातम्या चालू होत्या. माधवीचा नवरा शेखर चिवडा खात म्हणाला, "एक बाई आणि एक काळा! अरे, त्या काळ्याला कोण मत देणार? रंग तर बघा!" सगळे खो खो हसले.

हाच शेखर दिवाळीत आमच्या सोफ्यावर बसून रागाने थरथरत होता. बुओना व्हिस्टाच्या घरमालकिणीने फोनवरच सांगितलं होतं, इंडियन लोकांना फ्लॅट देत नाही. "तोंडही न बघता, वहिनी!" किती वेळा म्हणाला तेव्हा. विसरला? दोन-अडीच महिन्यांत?

मी आठवण करून द्यायला हवी होती. पण सणाचा दिवस, माधवीला वाईट वाटलं असतं... कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

निघताना त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. सवयीने म्हणाले, "गोड बोला."

"आम्ही कधी कडू बोलतो का, वहिनी?"

आणि मी हसून मान हलवली. नाही म्हणून.