चढाईचा दम

४ मार्च
जत्रेत चाळिशीपुढच्यांची कबड्डी ठरली. वरची गल्ली विरुद्ध खालची गल्ली. वरच्या गल्लीची पहिली चढाई अर्थात माझी. एका दमात अख्खं मैदान फिरून येणारा लालासाहेब म्हणून आष्ट्यात नाव होतं. संकल्प : उद्यापासून पहाटे पळणे.

५ मार्च, सकाळी ९
पहाट हुकली. सोफ्यावर पडून मोबाईलवर जुने सामने बघितले. अभ्यास हासुद्धा सरावच.

९ मार्च
जिना चढताना धाप लागली. पायऱ्याच उंच बांधल्यात. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं ठीक, बसणं वाईट. मोबाईल मांडीवर, हनुवटी छातीवर, पोटाला घडी. छाती फुलायला जागाच नाही, म्हणून श्वास वरच्यावर. पॉश्चर सुधारा म्हणे! दम रक्तात असतो, पॉश्चरमध्ये नाही. तरी संकल्प : ताठ बसणे.

१० मार्च
‘ताठ कसे बसावे’ याचे व्हिडिओ बघण्यात दुपार गेली. मान अवघडली. अंजना म्हणाली, “आवं, ताठ बसायचं बघताय, ते बी वाकूनच?” बायकोनेच असं बोलावं! फार लागलं.

१४ मार्च
सराव. पंच नानासो, शाळेपासूनचा दोस्त. चार वेळा ‘कबड्डी’ म्हटलं आणि आवाज बसला. धूळ होती. नाना म्हणतो, “पयली चढाई तुमच्या गल्लीतल्या सिद्धूला देऊया का रं?” दोस्त असा? साफ नाही म्हणालो.

१८ मार्च
विश्वासघात! जत्रेच्या सामन्यात दोन गडी शिवून परत वळलो, तोच नानाने शिट्टी मारली. “दम तुटला!” सगळ्या गावासमोर. एका गुणाने हरलो. नाना फितूर झाला. दोस्ती संपली. जेवण गेलं नाही. पण अंजनाने व्हिडिओ काढलाय. उद्या चौकात सगळ्यांना दाखवणार.

१९ मार्च
सकाळपासून व्हिडिओच बघतोय. माझा आवाज पहिला गडी शिवायच्या आधीच बंद झालाय. पुढे नुसतं तोंड हलतंय. मोबाईलचा आवाज तपासला, पूर्ण होता. मैदानाकडेला वाजणारी हलगी स्वच्छ ऐकू येते. नानाने शिट्टी उशिराच मारली. माझ्याकडे बघत तो थांबला होता, तेही दिसतं.
म्हणजे फितूर झाला तो माझाच दम. त्याच्याशी भांडायला जायचं कुठे?
चौकात गेलो नाही. सोफ्यावर पुन्हा पहिल्यापासून व्हिडिओ लावला. अंजनाने मागून येऊन पाठीला उशी लावली आणि गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.