दाराआडचा श्वास

ओसाका, ३ ऑक्टोबर १९९७

ती. आईस चिझुरूचा साष्टांग नमस्कार. हल्ली ऑफिसात टेबलाखालीच आडवी होते, त्यामुळे वेगळा घालावा लागत नाही.

कॅसेट मिळाली. अगं, आमच्या भुताच्या व्हिडिओ गेमसाठी मी आपल्या लाकडी झडपेची कुरकुर मागितली होती! तू टेपरेकॉर्डर बाबांच्या उशाशी चालू केलास आणि झडप ओढायला पडवीत गेलीस. टेपवर आले ते बाबांचे घरघरणारे श्वास.

आमचे हातानोसाहेब ऐकून उडालेच. म्हणाले, मिळाला आपला राक्षस! आई, श्वास कुणाचे ते मी सांगितलंच नाही. चार महिने रात्रंदिवस काम करून अंगात त्राण उरलं नाही, वाद घालायचं जिवावर आलं. आता शेजारच्या टेबलावर गेम तपासणारे दिवसभर त्याला गोळ्या घालतात आणि श्वास थांबला की टाळ्या पिटतात. ऐकवत नाही गं. तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकेन. बाबांना विचार.

तुझी दमलेली,
चिझुरू

तोकामाची, ९ ऑक्टोबर

चि. चिझुरूस अनेक आशीर्वाद, पण आंघोळ करून घे.

बाबांना सांगितलं. हसता हसता धाप लागली त्यांना. म्हणाले, चाळीस वर्षं चटया शिवल्या, माझ्या आवाजाला मांजरसुद्धा भ्यालं नाही. राहू दे की! त्यांना राग नाही. मला आहे, थोडा. डॉक्टर म्हणतात, बर्फ पडेपर्यंत टिकतील याचं काही खरं नाही. मी इथे एकेक श्वास मोजत बसते आणि तिकडे टाळ्या! आवाज राहू दे, पण त्यांना कुणाच्या हातून मारू नकोस. जमेल तेव्हा ये, दमलेली आलीस तरी चालेल.

तुझी आई

ओसाका, ५ नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

बाबांच्या सातव्या दिवसाचे विधी उरकून परतले ती थेट साहेबांकडे गेले, राक्षसाला मारायचं नाही म्हटलं. मरत नाही असला कसला राक्षस, म्हणून ते ओरडले. तो श्वास माझ्या वडिलांचा आहे, म्हटलं. त्यांनी गेममधल्या घराचा नकाशा पुढे ओढला. आता दुसऱ्या मजल्यावर एक बंद दार आहे, त्याच्याआड बाबा आहेत. लोक किल्ली शोधतील. ती आम्ही केलेलीच नाही.

जेवत जा.

चिझुरू

तोकामाची, १६ फेब्रुवारी १९९८

चि. चिझुरूस आशीर्वाद. माया आहेच, वेगळी काय लिहू!

गेम पोचला. शेजारच्या ओगिनोबाईंनी तारा जोडून दिल्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत जाताना सतरा वेळा मेले, मेली ती भुतं! शेवटी त्या दाराशी पोचले. मग बटणं खाली ठेवली आणि तिथेच बसून लोणच्याचा मुळा चिरला, तुझ्या बाबांच्या उशाशी बसून चिरायची तसा.

आणि ऐक, तुझी झडपही आहे त्यात. श्वासामागे, लांबून, बारीक कुरकुरते. म्हणजे त्या घरात ते एकटे नाहीत, पडवीत मी आहे.

आता झोप काढ बाई.

तुझी आई