उन्हाच्या पानावरचं कुंकू

अण्णा,

आज कुरिअरनं खोका आला. आत चार चंदेरी पानं, दोऱ्याचं एक रीळ आणि लेकीच्या कॉलेजचं पत्र. एकशे ऐंशी रुपये घेणाऱ्यानं भरायचे होते. दिले, वहीत लिहिले. तुम्ही टेंभुर्णीच्या पोस्टात होतात, म्हणून आधी आलेली वस्तू सांगायची आणि मग दुःख, ही सवय सुटत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक पाळण्यात होती. पुढं ती उपग्रहांचं शिकली. चार छोटे उपग्रह आभाळात रांगेनं, ठरल्या अंतरानं चालवायचे, आणि रांग धरायला इंधन नाही, नुसतं ऊन. संक्रांतीला घरी आली ती त्यांची ऊन झेलायची चंदेरी पानं, होडीच्या शिडासारखी, ओसरीवर कापत बसली. मी विचारलं, "ऊन कसं ढकलंल गं?"

"ढकलतं, आई, अगदी थोडं. एखादा रांगेतून सरकला की त्याचं पान उन्हाकडं करायचं, नको तव्हा आडवं. पान चकचकीत तितका धक्का जास्त."

"मंग माझे पापड का उडत न्हाईत?"

"तुझे पापड लई जड असतात!" पोट धरून हसली. तसं हसणं नंतर ऐकलेलं नाही.

रथसप्तमीला, ती परत निघायच्या दिवशी, अंगणात दूध उतू घालून मी आत आले. लेक आंघोळीला गेल्ती. वाटलं, ज्याच्या उन्हावर ही वस्तू चालणार, त्याच्याच दिवशी हिला हळद-कुंकू लावल्याशिवाय कशी जाऊ द्यावी? एका पानावर बोट टेकवलं. मग ती हसेल म्हणून ओल्या पदरानं घासून पुसलं. पान जरा मळकट झालं, ते बाकीच्यांखाली सरकवलं.

कॉलेजात हवा काढलेल्या काचेच्या पेटीत पानं टांगून उजेड सोडला. तीन बराबर फिरली, एक मागं राहिलं. त्या एकापायी लेकीच्या गटाचं काम रद्द. आता दुसऱ्या गटाचे उपग्रह वर जाणार. लेक म्हणते, "माझाच हात वाईट, आई." सोमवारपासून जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कारकुनी करणार आहे. जेवते, पण ताटात काय वाढलंय ते बघत नाही.

मी सहावीत होते तेव्हाची खंडेनवमी आठवते. पोस्टाच्या काट्याच्या पारड्यात मी हळदीचा गोळा न् अक्षता चिकटवल्या होत्या. दिवसभर पाकिटं जड भरली. तुम्ही ओरडलात, "काट्याला भक्ती कळत न्हाई, पोरी, वजन कळतं!" आणि दिवे लागायच्या आत मला बोटाला धरून घरोघर गेलात, जास्तीचे पैसे परत केलेत, दारादारात म्हणालात, "चूक आमची झाली." मी शरमेनं मान खाली घालून उभी होते. तुम्ही ताठ होतात. तेवढंच मी तुमच्याकडून शिकले नाही.

रोज सूर्याला पाणी घालते, पण वर बघवत नाही. देवानं माझं कुंकू का नाकारलं, असं विचारायचीही मला जागा नाही. त्यानं काही नाकारलं नाही, मीच लेकीच्या कामात बोट घातलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. आणि एक: खोका आला तेव्हा लेक घरी नव्हती. डागाचं पान मी काढून देवघरात पोथीखाली ठेवलंय. खोक्यात तीनच आहेत. ती संध्याकाळी येईल, मोजेल. तिला काय सांगू ते उलट टपाली कळवा.