तामाकीची चौकशी

ती. आईस,
शरयूचा समुद्रापलीकडून नमस्कार.

खोकला पूर्ण गेला, जेवणही वेळेवर होतं. शाळेत अकराच मुलं उरलीत, पण इंग्रजी धडा खणखणीत वाचतात. तुझा गुडघा कसा आहे?

इथे शेजारी हात्सुए आजी राहतात. शाळा सुटली की रोज फाटकाशी येऊन विचारायच्या, "बाई, आमची तामाकी निघाली का हो?" पहिल्या दिवशी मी हजेरीपट पाहून सांगून टाकलं, "या नावाची मुलगी इथे नाही." आजी रस्त्यावरच मटकन बसल्या.

मुख्याध्यापक ओगावारा सर धावत आले. "आजी, तामाकी वर्ग झाडतेय. येईलच!" मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांची नात. त्सुनामीच्या लाटेने नेलं, तेरा वर्षं झाली. सगळं गाव असंच सांगतं, तुम्हीही सांगत जा."

मला खोटं बोलवेना. महिनाभर मी मागच्या दाराने घरी जात होते. गेल्या सोमवारी मात्र आजींनी तिथेच गाठलं. त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "निघाली आजी, आत्ताच निघाली."

मंगळवारी आजी हसतच आल्या. "पोचली हो काल! नखशिखांत भिजलेली. म्हणाली, बाईंनी सोडलं म्हणून आले."

त्यानंतर आजी आल्या नाहीत. सगळी मुलं गेली तरी आता मीच फाटकाशी उभी असते, आत अजून कुणाला सोडायचं राहिलंय का ते बघत. सर म्हणतात, "बाई, कुणाची वाट बघताय?"

काळजी करू नकोस, थंडी फार नाही. बाबांना माझी आठवण सांग.

तुझी,
शरयू